कॉर्ड बरोबर आहेत, मग रेगे का वाटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, बास वाजवतो, गॅदरिंगसाठी पाच जणांनी मिळून बॉब मार्लेचं 'स्टर इट अप' बसवलंय. कॉर्ड तीनच, ए, डी, ई. गिटारवाला ऑफबीटवर 'चक चक' मारतोय, ड्रमरचा ताल सुटत नाही, गाणारी मुलगी सुरात आहे, तरी रेकॉर्ड करून ऐकलं की "रेगे वाटत नाही, लग्नातला ऑर्केस्ट्रा वाटतो". आणि शेवटी जाता जाता दुसरा प्रश्न, मार्ले सोडून अजून कोणाला ऐकू?

तुला अरे-तुरे करतो, वयाने लहान आहेस म्हणून चालेल असं धरतो. मी पुण्यात राहतो, वीस-बावीस वर्षं बास वाजवतोय, त्यातले आठ सीझन गोव्यात शॅकवर रेगे वाजवण्यात गेले. तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही, त्यामुळे अंदाजानेच सांगणार, ड्रमर आधी काय वाजवत होता, खोली केवढी आहे, तुझा अँप केवढा आहे यावर बरंच अवलंबून असतं. पण हीच तक्रार घेऊन येणारे इतके बँड पाहिलेत की दहातल्या आठ वेळा भानगड एकाच जागी सापडते. आणि मला विचारशील तर तुझे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. तुम्ही रेगे म्हणून मार्लेचा आवाज आणि गिटारची चक ऐकताय, म्हणून तेवढंच वाजवताय. रेगे ज्यांनी घडवला ते बहुतेक जण मागे उभे होते, बासवर, ड्रमवर, नाहीतर स्टुडिओत बटणांसमोर. त्यांना ऐकलंस की वाजवणं निम्मं आपोआप सुधारेल.

आधी ताल. चार मोज, एक दोन तीन चार. गिटारची चक दोनवर आणि चारवर. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि साइड स्टिक (काठी ड्रमच्या कडेवर मारायची) दोन्ही एकदम, तीनवर. आणि एकवर? काही नाही. हायहॅट चालू असते, बाकी ड्रमर एक सोडून देतो. याला वन ड्रॉप म्हणतात, तो पहिला ठोका टाकून दिलाय म्हणून. (काही जण हेच निम्म्या वेगाने मोजतात, मग चक 'अँड'वर येते. मोजणी कुठलीही घ्या पण पाचही जणांनी एकच घ्या, आमच्या एका बँडमध्ये तीन महिने यावरूनच भांडणं चालली होती.)

आता आपली पंचाईत अशी की लहानपणापासून कानात सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, बसलेली असते. आरती असो, भजन असो, ढोलकी असो, समेवर धप्पकन यायचंच. त्यामुळे एकवर किक मारू नको म्हटलं की आपल्या ड्रमरचा पाय वळवळतो. तू तबला थोडा जरी ऐकला असशील तर रूपक आठव, ती ती ना धी ना धी ना, तिथे समेलाच 'खाली' (बिनवजनाचा ठोका) असते, वजन पुढे जातं, तरी सम हरवत नाही, सगळ्यांना ती कुठे आहे ते माहीत असतं. मी ड्रमरला हेच सांगतो, एक वाजवू नको पण एक कुठे आहे ते विसरू पण नको. ड्रमरने कार्लटन बॅरेटला ऐकायचं, मार्लेचा ड्रमर. १९७९ च्या 'सर्व्हायव्हल' अल्बममध्ये 'वन ड्रॉप' नावाचंच गाणं आहे, तिथून सुरुवात करा.

माझं स्वतःचं सांगतो. गोव्यातला पहिला सीझन, मी रॉक वाजवून आलेलो, बोटं भराभर चालायची आणि त्याचा माज होता. आमचा ड्रमर वयाने बराच मोठा, बोलायचा कमी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी शॅक रिकामा असताना प्रॅक्टिस चाललेली, त्याने मध्येच थांबवलं, उठून माझ्याजवळ आला आणि हाय-हॅट तोंडाने म्हणत दर एकला माझा डावा हात तारांवर दाबून धरायला लागला. त्स त्स त्स त्स, दाब. त्स त्स त्स त्स, दाब. दहा मिनिटं हेच. मला इतका राग आला होता, आणि दहा मिनिटांनी त्याने हात काढला तेव्हा माझ्याकडून एकवर सूर वाजेचना, आणि पहिल्यांदा मागे बसलेल्या कूकने मान हलवली. म्हणजे बासने एकवर कधीच वाजवायचं नाही असं नाही हं, पुष्कळ बासलाइन एकवरच सुरू होतात. पण न वाजवणं हे पण वाजवणंच आहे हे त्या दुपारी कळलं.

बाससाठी माणूस म्हणजे अॅस्टन बॅरेट, सगळे 'फॅमिली मॅन' म्हणायचे, कार्लटनचा मोठा भाऊ. २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. दोघं भाऊ मार्लेकडे यायच्या आधी निर्माता ली 'स्क्रॅच' पेरीच्या अपसेटर्स बँडमध्ये होते. त्याने पहिला बास स्वतःच प्लायवूडचा बनवला होता, तार म्हणून पडद्याचा रॉड लावून. त्याचं वाजवणं ऐकताना सूर मोजू नको, सूर कुठे थांबतो ते ऐक. रॉकमध्ये आपण सूर सुरू कुठे करायचा याचा विचार करतो, रेग्यात तो कधी बंद करायचा हे जास्त महत्त्वाचं, कारण त्या बंद झालेल्या जागेतच गिटारची चक पडते. तुझा सूर चकच्या वेळी पण गुणगुणत असेल तर सगळा चिखल होणार. बहुतेक तुमचं हेच झालंय.

उपाय घरातलाच आहे. भांडी घासायचा नवीन स्पंज घे, बोटभर जाडीची पट्टी काप आणि ब्रिजच्या अगदी जवळ तारांखाली खुपस. टोनची नॉब पूर्ण खाली. पिक फेकून दे, अंगठ्याने नाहीतर बोटाच्या मऊ भागाने वाजव, पिकअपच्या वर नको, नेकच्या जवळ. आवाज 'टंग' न येता 'धुम' आला पाहिजे आणि लगेच विझला पाहिजे. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा मिळाल्या तर उत्तमच, महाग असतात, स्पंज दहा रुपयांत.

गिटारवाल्याला सांग की उजवा हात सोपा आहे, काम डाव्या हाताचं आहे, कॉर्ड दाबली की लगेच बोटं ढिली, तारांवरून उचलायची नाहीत, नुसती ढिली. चक म्हणजे खरोखर चक, 'च्यांग' नाही. आणि एक माणूस तुमच्या बँडमध्ये कोणी लक्षात घेत नाही तो म्हणजे कीबोर्डवाला. तो बहुतेक गिटारच्या बरोबरीने तेच वाजवत असणार. त्याला ऑर्गनचा आवाज लावून बबल शिकायला लावा, डावा हात आणि उजवा हात आलटून पालटून, चकच्या आधी आणि नंतरच्या फटी भरत, भात शिजताना झाकण हलतं तसं. हे नीट बसलं की पन्नास टक्के रेगे तिथेच झाला, पण ऐकणाऱ्याला ते वेगळं ऐकू येता कामा नये.

आता तुमच्या गाण्याबद्दल, कारण तुम्ही नकळत फार छान गाणं निवडलंय. 'स्टर इट अप' एकदाच रेकॉर्ड झालेलं नाही. वेलर्सनी, म्हणजे मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्या बँडने, ते १९६७ मध्येच केलं होतं, तेव्हा रेगे हा शब्द पण नव्हता, ते रॉकस्टेडी आहे, रेग्याच्या आधीचा प्रकार. मग १९७२ मध्ये जॉनी नॅश या अमेरिकन गायकाने त्याचं गोड पॉप करून हिट केलं. मग १९७३ मध्ये आयलंड रेकॉर्ड्सच्या 'कॅच अ फायर' अल्बममध्ये ते आलं, तुम्ही ऐकताय ते हे. पण यात गोम आहे. जमैकात रेकॉर्ड झालेल्या टेप लंडनला गेल्या आणि तिथे कंपनीचा मालक ख्रिस ब्लॅकवेलने रॉक ऐकणाऱ्या पब्लिकसाठी वरून साज चढवला, लीड गिटार वेन पर्किन्स या अमेरिकन वादकाची, कीबोर्ड जॉन 'रॅबिट' बंड्रिकचे. मूळ जमैकन मिक्स २००१ मध्ये डीलक्स आवृत्तीत बाहेर आलं. ते शोध आणि दोन्ही पाठोपाठ ऐक. लंडनवाल्यात कान गिटारकडे जातो, जमैकनमध्ये जायला दुसरी जागाच नाही, बास समोर येऊन बसतो. मी लंडनवाल्याला नावं ठेवत नाही, त्याच्यामुळेच हे संगीत जगभर गेलं आणि मला पण पहिल्यांदा तेच आवडलं होतं. पण गाणं बसवायला घेताना जमैकनवरून बसवा, सजावट नंतर.

म्हणजे बघ, एकाच गाण्याच्या चार रेकॉर्डिंगमध्ये सहा वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या आधीचं थोडं सांगतो, ते कळलं तर कोणाला ऐकायचं ते पण कळेल.

जमैका १९६२ मध्ये इंग्रजांपासून स्वतंत्र झाला तेव्हा तिथे स्का वाजत होतं, वेगवान, ब्रासवालं, आणि बास जॅझसारखा चालतच राहायचा. ते वाजवणारे स्काटलाइट्स. त्यातले बरेच जण किंग्स्टनच्या आल्फा बॉइज स्कूलमधले, कॅथलिक नन्सनी चालवलेली गरीब आणि अनाथ मुलांची शाळा, तिथे बँडमध्ये वाद्य शिकवायचे. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड तिथलाच. मग १९६६ च्या सुमारास वेग एकदम खाली आला आणि रॉकस्टेडी झालं. त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता, नाचणारे दमायचे म्हणून संगीत हळू झालं, अशी गोष्ट सांगतात. असेल. पण बास वाजवणारा म्हणून मला दुसरं कारण जास्त पटतं, त्याच सुमाराला उभा बास जाऊन इलेक्ट्रिक बास आला आणि वेग कमी झाल्यावर बासला चालत राहायची गरज उरली नाही, तो थांबून थांबून बोलायला लागला. स्टुडिओ वनमध्ये निर्माता क्लेमंट 'कॉक्सन' डॉडकडे हेप्टोन्स या गायक-गटाचा लेरॉय सिबल्स गायचा पण आणि बास पण वाजवायचा, त्याच्या त्या काळातल्या लाइन आजही लोक पुन्हा पुन्हा वापरतात. सोबत ऑर्गनवर जॅकी मिटू. तुझ्या कीबोर्डवाल्याला हे नाव लिहून दे.

शब्द आला १९६८ मध्ये, टूट्स अँड द मेटाल्सच्या 'डू द रेगे' या गाण्यात. टूट्सचा आवाज ऐकलास तर चर्चमधून उठून थेट स्टुडिओत आल्यासारखा. आणि ड्रमच्या बाबतीत काउंट ओसी, रास्ताफारी लोकांचे न्याबिंगी ढोल तो रेकॉर्डिंगमध्ये घेऊन आला, १९६० च्या सुमाराला 'ओ कॅरोलिना'मध्ये, हेच गाणं १९९३ मध्ये शॅगीने केलं ते तुझ्या आईबाबांनी ऐकलेलं असणार. तीन ढोल असतात, एक मोठा घुमणारा, एक छातीच्या ठोक्यासारखा सतत चालणारा, आणि वरचा बोलणारा. दिंडीतला पखवाज आणि टाळ आठवतो मला तरी, ताल वेगळा, पण माणसं तासन्तास एकच ठोका धरतात ते सारखंच.

रास्ताफारीचा विषय निघालाच आहे तर एक आगंतुक सल्ला. स्टेजवर लाल-पिवळी-हिरवी टोपी आणि खोटे केस लावून जाऊ नका. तो त्यांचा धर्म आहे, इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी त्यांच्यासाठी देव. बर्निंग स्पिअरचा १९७५ चा 'मार्कस गार्वी' अल्बम ऐक, मग लक्षात येईल की हे बीचवर बिअर पिताना लावायचं संगीत एवढंच नाही. आणि गांजावरून जे जोक चालतात त्यात एक गंमत कोणाला माहीत नसते, गांजा हा शब्द जमैकात आपल्याच देशातून गेला, १८४५ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून करारावर उसाच्या मळ्यात नेलेल्या मजुरांबरोबर.

आता माझा सगळ्यात लाडका माणूस, आणि तो काही वाजवत नव्हता. किंग टबी. खरं नाव ऑस्बोर्न रडक, धंदा रेडिओ आणि अँप दुरुस्तीचा. किंग्स्टनमधल्या वॉटरहाउस भागात घरातच स्टुडिओ, इतका लहान की बँड मावायचा नाही, त्यामुळे बँड दुसरीकडे रेकॉर्ड व्हायचा आणि टेप याच्याकडे यायची. डायनॅमिक साउंड्स स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सिंग कन्सोल याने घेतला. चारच ट्रॅक, म्हणजे एकावर ड्रम-बास, एकावर गिटार-कीबोर्ड, असं. तिथे तेव्हा सिंगलच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचं बिनगाण्याचं 'व्हर्जन' छापायची पद्धत पडली होती, खर्च पण वाचायचा आणि साउंड सिस्टिमवर (नाचासाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरच्या संचावर) माइक धरणाऱ्याला त्यावर बोलता यायचं. टबी त्या व्हर्जनशी खेळायला लागला. गायक अर्धा शब्द बोलतो आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली, उरलेला अर्धा एकोमध्ये विरत जातो. गिटारची एकच चक येते आणि पुढचे चार ठोके तिचीच सावली. मग सगळं बंद, फक्त बास. हे डब. कॉम्प्युटर नव्हता, चुकलं तर परत पहिल्यापासून, दोन हातांनी लाइव्ह. ऑगस्टस पाब्लोचं 'किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन' हेडफोन लावून ऐक, पाब्लो मेलोडिका वाजवायचा, आपल्याकडे लहान मुलं फुंकून वाजवतात ते. त्याच्या आधी त्याच ट्रॅकवरचं जेकब मिलरचं 'बेबी आय लव्ह यू सो' ऐक, म्हणजे काय काय काढून टाकलंय ते कळेल. मी शिकवताना दोन्ही पाठोपाठ लावतो आणि पोरांना बासची लाइन गुणगुणायला लावतो, दुसऱ्या वेळी न चुकता सगळ्यांना येते.

तुम्ही पोरं ज्याला रिमिक्स म्हणता त्याची मुळं बरीचशी त्या खोलीत आहेत. टबीच्याच साउंड सिस्टिमवर यू-रॉय माइकवर बोलायचा, आणि ती पद्धत घेऊन किंग्स्टनचा एक मुलगा १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला गेला, त्याने १९७३ च्या ऑगस्टमध्ये बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवले, तो डीजे कूल हर्क, हिप-हॉपवाले आपला वाढदिवस तिथून मोजतात. १९८५ मध्ये कॅसिओच्या स्वस्त कीबोर्डमधल्या तयार बीटवर वेन स्मिथचं 'अंडर मी स्लेंग टेंग' झालं आणि डान्सहॉल (रेग्यातूनच निघालेलं नाचाचं संगीत) एका फटक्यात डिजिटल झालं, रेगेटॉनचा बीट पण डान्सहॉलमधूनच निघालाय. बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमधून स्टील पल्स आले आणि नंतर तिथलाच पंजाबी पोरगा अपाची इंडियन, नव्वदीत आमच्या कॉलेजात त्याच्या कॅसेट फिरायच्या, आम्हाला ते रेगे आहे हे पण माहीत नव्हतं. आणि गोव्यात २०१६ पासून सनस्प्लॅश फेस्टिव्हल व्हायला लागला, जमलं तर एकदा जा आणि स्टेजकडे न बघता साउंड सिस्टिमच्या स्पीकरपासून दहा फुटांवर उभा राहा. आपल्या गणपतीतल्या भिंतीपेक्षा वेगळं काय आहे ते पोटात कळतं, कानात ठणका नाही, पण पँट हलते.

यावरून गॅदरिंगसाठी धोक्याची सूचना. एका रिसॉर्टवर आमच्या साउंडवाल्याने खिडक्यांच्या काचा वाजतात म्हणून खालचा सगळा बास कापला, आम्हाला स्टेजवर मॉनिटरमध्ये छान ऐकू येतंय आणि समोर लोकांना नुसती चक चक. तासभर आम्ही जीव तोडून वाजवलं, खाली येऊन बायकोला विचारलं कसं झालं तर म्हणाली, कोणीतरी सुपारी कातरतंय असं वाटत होतं. तेव्हा साउंडवाल्याशी आधी बोल, त्याला चहा पाज, आणि साउंडचेकला स्वतः खाली प्रेक्षकात जाऊन ऐक, बास लावून ठेवून दुसऱ्याला वाजवायला सांग.

मार्लेचं काय, तर मार्ले ऐकूच नको असं मी म्हणणार नाही, मी अजून ऐकतो. फक्त १९८४ चा 'लेजंड' हा जो संग्रह सगळीकडे असतो त्यावर थांबू नको, तो मरून तीन वर्षं झाल्यावर निघाला आणि त्यात गोड गाणीच जास्त घेतलीत. 'बर्निन' ऐक, १९७३ चाच, टॉश आणि बनी बरोबर असतानाचा शेवटचा. मग टॉशचं वेगळं, मग डेनिस ब्राउन, ग्रेगरी आयझॅक्स हे गायक. ड्रम-बास जोडी म्हणून स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर, पण त्यांना दोन महिन्यांनी ऐक, त्यांचा किक भरलेला असतो आणि आत्ताच ऐकलंस तर तुमचा ड्रमर परत एकवर मारायला लागेल.

या आठवड्यात एवढंच करा: गाणं बाजूला ठेवा, वेग पंचाहत्तरच्या आसपास लावा, क्लिक फक्त चकच्या जागेवर ठेवा आणि तू आणि ड्रमर दोघंच वीस मिनिटं ए-डी-ए-ई फिरवत बसा, फिल नाही, क्रॅश नाही, नवीन सूर नाही. कंटाळा येईल. कंटाळा आल्यावर अजून दहा मिनिटं. मग कीबोर्डला आत घ्या, गिटारला सगळ्यात शेवटी, तो रुसेल, त्याला समजव. ते वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलंस तरी चालेल, इथे टाक, मी ऐकून सांगतो. पण फक्त बास आणि ड्रम, गिटार नको.